पाइप ठोके का देतो?

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत रात्री पाणी भरायला गेलेल्या माणसाला एक आवाज चांगला ओळखीचा असतो. मोटार चालू असते, ठिबक सुरू असतं आणि मध्येच लाइट जाते. मोटारीची घरघर थांबते, क्षणभर सगळं गप्प होतं आणि मग विहिरीजवळच्या पाइपात धाडकन एक ठोका बसतो. हात पाइपावर असेल तर तो हादरा खांद्यापर्यंत येतो.

तसलाच आवाज गेल्या हिवाळ्यात मला फोनवरून ऐकू आला, तोही इंग्लंडहून. माझी भाची लीड्सला शिकते. "मामा, खोलीतलं रेडिएटर रात्री ठोके मारतं, झोपच लागत नाही," म्हणाली आणि फोन तिथं नेऊन धरला. ठक-ठक-ठक-ठक. एवढे भराभर ठोके, की कोणी हातोडीनं मारायचं म्हटलं तरी जमणार नाही.

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास पाहणाऱ्या आपल्या माणसांना घर तापवण्याची यंत्रणा ठाऊक असायचं कारण नाही. तिकडे घरात एक बॉयलर असतो. त्यात साठ-सत्तर अंशांपर्यंत तापलेलं पाणी छोटा पंप पाइपांतून खोल्याखोल्यांत फिरवतो. प्रत्येक खोलीत भिंतीला पत्र्याची पोकळ पेटी असते, ते रेडिएटर. पाणी त्यातून फिरतं, खोलीला उष्णता देतं आणि परत बॉयलरकडे जातं. वर्षभर तेच पाणी. रेडिएटरच्या तोंडाशी एक वॉल असतो आणि त्याच्या डोक्यात मेण किंवा द्रव भरलेली कुपी असते. खोली गरम झाली की कुपीतला पदार्थ फुगतो, खिळी खाली दाबतो आणि वॉलची चकती पाण्याची वाट अडवते. खोली थंडावली की आतली स्प्रिंग चकतीला पुन्हा वर उचलते. विजेशिवाय चालणारी ही युक्ती डेन्मार्कच्या मॅड्स क्लॉसेन यांनी १९४३ मध्ये काढली. मला ती फार देखणी वाटते.

पण एक अट आहे. पाणी चकतीच्या खालून आलं पाहिजे. तसं आलं की चकती मिटताना पाण्याच्या जोराविरुद्ध सावकाश खाली उतरते. पाइप जोडताना येणारी आणि जाणारी लाइन उलटसुलट झाली, तर पाणी वरून येऊन चकतीला बसकीवर, म्हणजे मिटताना ती जिथं टेकते त्या कडेवर, रेटतं. फट जितकी अरुंद, तितका पाण्याचा वेग जास्त आणि चकतीखालचा दाब कमी. शेवटी चकती खाली खेचली जाऊन आपटते. प्रवाह थांबला की स्प्रिंग तिला उचलते, पाणी पुन्हा सुटतं, चकती पुन्हा आपटते. वॉल अर्धवट मिटलेला असतो तोवर हे चालूच राहतं. आपल्या जुन्या पितळी नळाचा वायसर झिजून ढिला झाला की नळ अर्धा उघडल्यावर भुर्रर्र करतो. तोही असाच थरथरत असतो.

म्हणून मी भाचीला सांगितलं, की वॉल पूर्ण उघडून बघ. चकती बसकीपासून लांब गेली की ठोके थांबायला हवेत. थांबले. मग वॉलच्या अंगावर बाण शोधायला लावला. बाण रेडिएटरकडे बोट दाखवत होता, पण हाताला आधी गरम लागत होता तो पलीकडच्या टोकाचा पाइप. पाणी बाणाच्या उलट जात होतं.

एवढीशी चकती आपटल्यावर एवढा आवाज का, याचं उत्तर बागेतल्या ठोक्यातच आहे. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये त्याचं गणित मांडलं. वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याच्या वेगाचा दाब होतो आणि ती दाबाची लाट पाइपात मागे धावते. लोखंडी पाइपात ती सेकंदाला साधारण १२०० मीटर जाते, पीव्हीसी पाइप थोडा ताणला जातो म्हणून त्यात सुमारे ४०० मीटर. सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी एकदम थांबलं, तर लोखंडी पाइपात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलोचा दाब वाढतो आणि पीव्हीसीत ४ किलोचा. आपण दुकानात 'चार किलोचा पाइप' मागतो, त्याची सगळी ताकद या एका झटक्यात संपते. मोटारीचा दाब आहे तो वेगळाच. पाइप नेमका सांध्यात का फुटतो, याचं नवल मला तेव्हापासून वाटत नाही.

लाट पाइपाच्या टोकापर्यंत जाऊन परत यायच्या आत वॉल मिटला, तर हा पूर्ण झटका बसतो. सहाशे मीटर पीव्हीसी लाइनला तो वेळ तीन सेकंदांचा आहे. बटरफ्लाय वॉलची दांडी एका हिसक्यात फिरवायला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून ठिबकचा प्लॉट बदलताना आधी पुढचा वॉल उघडावा, मगच चालू असलेला बंद करावा, तोही हळूहळू. लाइट गेल्यावर बसणाऱ्या ठोक्याला मात्र आपला हात कारण नसतो. पुढे गेलेलं पाणी उलटं फिरून एनआरव्हीच्या, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या वॉलच्या, झडपेवर येऊन आदळतं. स्प्रिंगची एनआरव्ही पाणी उलटायच्या आतच मिटते, म्हणून तिथं ती बरी. दोन पैसे जास्त गेले तरी बसवावी असं माझं मत आहे.

रेडिएटरच्या बाकी आवाजांची कारणं वेगळी. खळखळ झाली तर आत हवा अडकलेली असते. पंप बंद ठेवून, पाणी निवल्यावर वरच्या कोपऱ्यातला स्क्रू चावीनं जरा सैल करून ती सोडतात. शीळ वाजली तर पंपाचा जोर जास्त असतो, तो एक पायरी खाली आणायचा.

भाचीच्या घरमालकानं प्लंबर बोलावला. त्यानं पाणी काढून दोन्ही दिशांनी चालणारा वॉल बसवला आणि ठोके बंद झाले. पंधरा दिवसांनी तिचा पुन्हा फोन. "आता पहाटे टिकटिक होते." ती तांब्याच्या पाइपाची. दहा मीटर पाइप पन्नास अंशांनी तापला की साडेआठ मिलिमीटर लांबतो आणि लाकडी फळीच्या भोकात घासत सरकतो. उन्हं उतरल्यावर आपल्या गोठ्याचे पत्रे तडतडतात, तसंच. भोकात नमद्याचा तुकडा घाल म्हटलं. ती म्हणाली, राहू दे, घराची आठवण येते.