खगोलजीवशास्त्र म्हणजे उडत्या तबकड्या नव्हेत
‘खगोलजीवशास्त्राचा कोर्स? म्हणजे परग्रहवासी आणि उडत्या तबकड्या!’ हा समज जुना आहे आणि साफ चुकीचा आहे. जीव कसा निर्माण होतो आणि विश्वात आणखी कुठे असू शकतो, याचा अभ्यास म्हणजे खगोलजीवशास्त्र. एडिंबरा विद्यापीठाच्या चार्ल्स कॉकेल यांचा प्राथमिक अभ्यासक्रम पाहा. २०१३ साली तो कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरही आला. त्यात ‘जीव म्हणजे काय?’ इथपासून सुरुवात होते. मग रसायनशास्त्र, आदिम पृथ्वी, टोकाच्या परिस्थितीत तगणारे सूक्ष्मजीव. तबकड्यांच्या आशेने आलेल्या विद्यार्थ्याला आधी पृथ्वीच शिकावी लागते, आणि ते योग्यच आहे.

मंगळाचं उदाहरण घ्या. १९७६ साली व्हायकिंग यानांनी तिथल्या मातीत किरणोत्सारी कार्बन असलेलं पोषणद्रव्य टाकलं आणि त्या कार्बनचा वायू बाहेर पडला. सूक्ष्मजीव अन्न खाऊन असाच वायू सोडतात. मग जीव सापडला का? त्याच यानांवरच्या माती तापवून तपासणाऱ्या दुसऱ्या उपकरणाला सेंद्रिय पदार्थांचा, म्हणजे जीव ज्यांपासून बनतो त्या कार्बनी संयुगांचा, ठोस पुरावा मिळाला नाही. पुढे २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्लोरीनयुक्त क्षार सापडलं. तापवल्यावर ते सेंद्रिय पदार्थ नष्ट करतं, म्हणजे ते उपकरणही फसलेलं असू शकतं! तरीही बहुतेक शास्त्रज्ञ त्या वायूचं कारण मातीतल्या रसायनांतच पाहतात. पुरावा असा उलटसुलट तपासणं हाच या विषयाचा गाभा आहे.

आपलं लोणारही याच अभ्यासात येतं. बसाल्टमधलं, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकातलं, हे उल्काघाताचं विवर मंगळावरच्या तशाच खडकांतल्या विवरांशी ताडून पाहता येतं, आणि तिथल्या खारट, अल्कधर्मी पाण्यातले सूक्ष्मजीव संशोधक आवर्जून तपासतात.