शेजाऱ्याला माझा डेटाबेस दिसतो का?

लातूरचे क्लासवाले असोत की जालन्याचे बियाणेवाले, शेअर्ड होस्टिंग घेताना हा प्रश्न हमखास विचारतात. एकाच सर्व्हरवर इतक्या जणांच्या साइट, मग आपली माहिती दुसऱ्याच्या हाती लागणार नाही ना?

मोंढ्यात आवार एकच असलं तरी प्रत्येक अडत्याचा गाळा वेगळा, कुलूपही वेगळं. डेटाबेस सांभाळणाऱ्या मायएसक्यूएल या सॉफ्टवेअरमध्ये तसंच आहे. ज्या युजरला ज्या डेटाबेसची परवानगी, तेवढाच त्याला उघडतो. दुसऱ्यांच्या डेटाबेसची नावंसुद्धा त्याच्या यादीत येत नाहीत. हा बंदोबस्त आमच्याकडे, म्हणजे होस्टिंग देणाऱ्यांकडे.

किल्ली मात्र तुमच्या गाळ्यात असते. वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, त्याच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये डेटाबेसचा युजर आणि पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले असतात. त्या फाइलची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे वाचायला-लिहायला फक्त तुमचं खातं. आमच्याकडे पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्यावर चालतं ते, तुमच्याच खात्याच्या नावाने चालतं, त्यामुळे साइट बंद पडत नाही. ‘फोटो चढत नाही? ७७७ कर’ हा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नका. ७७७ म्हणजे वाचायला, लिहायला, चालवायला सगळ्यांना मोकळं. फोल्डरला ७५५ आणि बाकी फाइलींना ६४४ पुरतं, त्यात लिहायची मुभा फक्त तुम्हाला.

आम्हाला खरी काळजी वाटते ती बॅकअपची. एका क्लासच्या साइटवर पब्लिक एचटीएमएल फोल्डरात, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना उघड्या जागेत, ‘बॅकअप’ नावाची एसक्यूएल फाइल (डेटाबेसची नक्कल) पडून होती. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की थेट डाउनलोड. आत मुलामुलींची नावं, पालकांचे मोबाइल नंबर, कुणाची किती फी बाकी, सगळं. ना हॅकर लागला, ना पासवर्ड. बॅकअप त्या फोल्डरच्या बाहेरच ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी वेगळी, कडक तरतूद आहे. क्लासवाल्यांनी तर हे मनावर घ्यायलाच हवं.

दोन साइट असतील तर डेटाबेस दोन आणि युजरही दोन करा. एका साइटच्या डेटाबेसचा पासवर्ड फुटला तरी दुसरीचा डेटाबेस वाचतो. नुसते रिपोर्ट बघणाऱ्याला फक्त ‘सिलेक्ट’, म्हणजे वाचण्यापुरता अधिकार द्या. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचं खातं सांभाळायच्या पानावर) ‘ऑल प्रिव्हिलेजेस’, म्हणजे सगळ्या अधिकारांवर टिक करायची सवय सोडा. वर्डप्रेसच्या स्वतःच्या युजरला मात्र अपडेटच्या वेळी टेबल बदलावे लागतात, त्याचे अधिकार कापू नका.

दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर डेटाबेसला जोडताना रिमोट मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे बाहेरून कुणाला जोडू द्यायचं त्या यादीत, नुसतं टक्क्याचं चिन्ह टाकतात. त्याचा अर्थ, जगातला कुठलाही आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) चालेल. ब्रॉडबँडचा आयपी सारखा बदलत असेल तर आधी आम्हाला फोन करा, दुसरा मार्ग काढून देतो.

साइट बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला, सीपॅनेलचा आणि डेटाबेसचाही. डेटाबेसचा बदलल्यावर तोच कॉन्फिग फाइलमध्येही घाला, नाहीतर साइट उघडणार नाही. अडलात तर आम्ही करून देऊ. त्यासाठी तुमचा पासवर्ड आम्हाला लागत नाही. आमचं नाव सांगून कुणी फोनवर मागितला तर देऊ नका.