कोझुमेलला उतरताय? जहाज तुमच्यासाठी थांबत नाही

मेक्सिकोच्या क्रूझवर निघालेल्यांना हमखास सांगितलं जातं, ‘माणसं मोजल्याशिवाय जहाज निघत नाही, निवांत फिरा.’ यातलं अर्धंच खरं आहे. मोजतात, पण स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाहीत. थांबतात ते जहाजाच्याच सहलीची बस अडकली तर.

खरी फसगत घड्याळात होते. कोझुमेल हे बेट मेक्सिकोच्या ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथे 2015 पासून घड्याळ वर्षभर एकच असतं. यातली बरीच जहाजं जिथून सुटतात, त्या अमेरिकेतल्या मायामीत मात्र उन्हाळ्यात ते तासभर पुढे जातं. जहाज मायामीच्या वेळेवर चालत असेल, तर चढायची शेवटची वेळ साडेचार असताना तुमचा फोन किनाऱ्यावर साडेतीन दाखवतो. तुम्ही आरामात टाको खात बसता आणि तिकडे शिडी उचलतात! काही जहाजं स्थानिक वेळ पाळतात, म्हणून उतरताना शिडीजवळचा फलक बघा, त्याचा फोटो काढा. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवलं की झालं.

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आपल्या आईबाबांना तर हे नक्की सांगा. जहाज चुकलं तर विमानाने परतायला पासपोर्ट लागतो, आणि तो बहुधा केबिनच्या तिजोरीत असतो.

म्हणून घाबरून जहाजावर बसू नका. सान हेर्वासिओचे प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष बेटावरच आहेत, टॅक्सीने आरामात होतात. मुख्य भूमीवरच्या तुलुमच्या अवशेषांना जायचं तर मात्र आधी फेरीबोट, मग रस्ता. तिथे जहाजाचीच सहल घ्या.