थायमोमा: ‘साधी गाठ’ या शब्दाची पार्श्वभूमी

पापणी पडते म्हणून साताऱ्याहून किंवा नगरहून पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टकडे आलेल्या पेशंटला मायस्थेनिया (स्नायू थकवणारा आजार) निघतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन होतो आणि थायमोमा, म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागच्या थायमस ग्रंथीची गाठ, सापडतो. ऑपरेशन झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, “गाठ साधी आहे ना?” याचं उत्तर वैद्यकशास्त्राने आजवर अनेकदा बदललं आहे.

1961 च्या वर्गीकरणात गाठीत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त की एपिथेलियल (ग्रंथीच्या मूळ) पेशी, हे मुख्यतः पाहत. पेशंटचं पुढे काय होईल, हे त्यातून फारसं कळत नसे. 1978 मध्ये निकष बदलला: आवरणात बंद असलेली गाठ बिनाइन (साधी), आवरण फोडून बाहेर पडलेली मॅलिग्नंट (कॅन्सरची). ‘साधी गाठ’ या समजाला इथे शास्त्राचा आधार मिळाला आणि तो फार काळ टिकला.

1981 साली जपानमधून चार पायऱ्यांचं स्टेजिंग, म्हणजे गाठ किती पसरली हे ठरवायची पद्धत, आलं. खरा गुंता तिथला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आवरणात शिरलेल्या दिसल्या, तर मूळ पद्धतीत ती दुसरी स्टेज. 1994 च्या सुधारणेत आवरणात शिरली पण पलीकडे गेली नाही, तर पहिलीच. स्लाइड तीच, स्टेज दोन! दोन्ही पद्धती वापरात राहिल्या, आणि कोणती वापरली हे रिपोर्टमध्ये लिहिलं नसेल तर दोन लॅबचे रिपोर्ट पडताळून पाहणंही कठीण. आवरणाच्या जाडीतल्या या काही पेशींवर तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं वाद घातला. माझ्या मते तो वाद गरजेपेक्षा फार लांबला.

1999 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गाठीच्या प्रकारांसाठी ए, एबी, बी1, बी2, बी3 आणि सी ही अक्षरं आली. 2004 मध्ये सी वगळून थायमिक कार्सिनोमा (थायमसचा जास्त आक्रमक कॅन्सर) वेगळा काढला. ही अक्षरं पेशींचं रूप सांगतात, पसरण नाही. तरीही ‘बी3’ वाचून तिसरी स्टेज समजून हादरलेले नातेवाईक भेटतात. बी3 ची गाठ पहिल्या स्टेजची असू शकते, ए ची चौथ्या.

2015 मध्ये मोजके अपवाद सोडून सगळ्या थायमोमांना मॅलिग्नंटचा कोड मिळाला, कारण आवरणात बंद दिसलेली गाठही दहा वर्षांनंतर फुप्फुसाभोवतीच्या पडद्यावर (प्लुरावर) उगवल्याची उदाहरणं होती. पूर्ण निघालेल्या ए प्रकाराच्या गाठीला कॅन्सर म्हणून पेशंटला का घाबरवायचं, असा आक्षेप काहींनी घेतला. तो मनाला भिडतो, पण ‘साधी आहे’ ऐकून तपासणीला येणंच बंद करणारा पेशंट जास्त धोक्यात असतो.

पुढे जगभरातल्या दहा हजारांहून जास्त पेशंटची माहिती एकत्र करून टीएनएम ही स्टेजिंगची पद्धत (टी म्हणजे गाठीची व्याप्ती, एन लसिकाग्रंथी, एम दूरवरचा फैलाव) बेतली गेली. ती 2017 च्या सुमारास आली. आवरण भेदल्याने जगण्यात फरक पडत नाही असं त्यात दिसलं, म्हणून तो निकषच गेला आणि जुन्या पहिल्या-दुसऱ्या स्टेजचे बहुतेक पेशंट पहिल्यात आले. 2025 पासूनच्या आवृत्तीत गाठीच्या आकारासाठी 5 सेंटिमीटरची रेघ आली. फुप्फुस किंवा फ्रेनिक नर्व्हपर्यंत (श्वासपटल हलवणाऱ्या नसेपर्यंत) पोचलेली गाठ टी3 वरून टी2 वर आली.

त्यामुळे 2012 च्या फाइलवरची ‘दुसरी स्टेज’ आज पहिली ठरू शकते. जुनी आणि नवी स्टेज शेजारी-शेजारी लिहिलेला रिपोर्ट हातात आला, तर पेशंटला ती दोन मतं वाटतात. गाठ पूर्ण निघाली का, कडेला पेशी उरल्या का, ही ओळ त्याच रिपोर्टमध्ये थोडी खाली असते. आधी ती वाचावी.