पगारातून कापलं, पुढे कुठे गेलं?

ग्वाल्हेरात सरकारी नोकरांच्या दोन पिढ्या एका घरात नांदत असतील, तर कपाटात दोन तऱ्हेचे कागद सापडतात. थोरल्यांकडे जीपीएफची, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीची वार्षिक स्लिप, झांशी रोडवरच्या महालेखाकार कार्यालयातून आलेली. आरंभीची शिल्लक, वर्षातली जमा, व्याज, अखेरची शिल्लक. चार आकडे, चष्मा न लावताही कळतील असे. २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांकडे मात्र एनपीएसचं, म्हणजे नव्या राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, पानंच्या पानं स्टेटमेंट: बारा आकडी प्रान नंबर (पेन्शन खात्याचा क्रमांक), तीन फंड कंपन्यांची नावं, चार दशांशांपर्यंत मोजलेली युनिटं आणि एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव.

"काका, तुमचे पैसे कुठे गुंतवले होते?" लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातल्या आमच्या घरी पुतणीने एकदा विचारलं.

"गुंतवायचे कशाला? सरकारकडे होते की."

काकांना प्रश्नच कळला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. जुन्या पेन्शनीत गुंतवलेला पैसा असा नव्हताच. होता तो शब्द. निवृत्त झालेल्याची पेन्शन त्या त्या वर्षीच्या सरकारी तिजोरीतून निघायची. जीपीएफ कापला जायचा, पण तोही सरकारच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारकडे ठेवलेल्या लोकांच्या पैशाच्या खात्यात, पडून असायचा, ठरलेल्या दराने व्याज घेत. २०२० पासून तो दर ७.१ टक्के आहे. त्यामुळे भांडण व्हायचं ते हक्काचं, हिशेबाचं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तर केलेल्या नोकरीतून आलेला हक्क आहे असं ठरवलं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या घटनापीठावर होते. पेन्शनर मंडळी अजून तो दिवस पाळतात.

राजाचा पैसा कुठे आहे हे विचारायची आमच्या गावाला सवय नव्हतीच म्हणा. किल्ल्यातल्या गंगाजळीच्या गोष्टी इथे प्रत्येक घरात सांगतात: तळघर कुठलं, हे फक्त गादीवरच्याला ठाऊक. पुढे टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळतं भांडवल हवं होतं, तेव्हा चार लाख पौंडांचे सगळेच्या सगळे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्यांनी घेतले. दरबारातल्या कारकुनाला त्याचं मत कोणी विचारलं नसणार. आज त्याच कारकुनाच्या पणतूचा पैसा कंपन्यांच्या रोख्यांत जातो. फरक एवढाच की हा पैसा पणतूच्या पगारातला आहे.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. म्हातारपणाच्या तरतुदीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या एस. ए. दवे यांच्या समितीने २००० साली व्यक्तिगत खात्यांची शिफारस केली. ती मुळात असंघटित क्षेत्रासाठी होती, पण आधी लागू झाली ती सरकारी नोकरांना. २२ डिसेंबर २००३ ची अधिसूचना निघाली आणि १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या भरतीला, सैन्यदलं वगळून, जुनी पेन्शन बंद झाली. मध्य प्रदेशाने १ जानेवारी २००५ ही तारीख धरली, गुजरातने त्याच वर्षीचा १ एप्रिल, महाराष्ट्राने १ नोव्हेंबर. मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे १० टक्के नोकराचे, तेवढेच सरकारचे. केंद्राने आपला वाटा २०१९ मध्ये १४ टक्क्यांवर नेला.

गंमत अशी, की कटौती सुरू झाली तेव्हा पैसा गुंतवणारं कोणी तयारच नव्हतं. (कटौती हा आमच्या लष्कर भागातल्या मराठीतला शब्द, पुण्याच्या पाहुण्यांनी कपात वाचावं.) केंद्राच्या नोकरांचा पैसा पहिली चार वर्षं लोकलेख्यातच राहिला, ८ टक्के व्याजावर. एनपीएस ट्रस्ट २००८ च्या फेब्रुवारीत स्थापन झाला आणि एप्रिलपासून एसबीआय, यूटीआय आणि एलआयसी यांच्या पेन्शन फंडांनी गुंतवणूक सुरू केली. शेअरमध्ये अनेक वर्षं १५ टक्क्यांची मर्यादा होती. बाकी मुख्यतः सरकारी रोखे आणि कंपन्यांचे रोखे. ज्या नियामकाने यावर नजर ठेवायची, त्या पीएफआरडीएचा, म्हणजे पेन्शन निधी नियामक प्राधिकरणाचा, कायदा झाला २०१३ साली आणि लागू झाला १ फेब्रुवारी २०१४ ला. म्हणजे राखणदार दहा वर्षं आधी कामावर हजर, नेमणुकीचा पक्का कागद नंतर.

त्याच सुमारास प्रश्न विचारायचं हत्यारही हाती आलं. मध्य प्रदेशाने २००२ चा 'जानकारी की स्वतंत्रता' कायदा करून पाहिला होता. पण खरी धार आली ती १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या माहिती अधिकाराने. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. आमच्या गावात त्याचीही दोन रूपं दिसतात. महालेखाकार, रेल्वे, पोस्ट ही केंद्राची कार्यालयं, तिथे अपील फुकट. रस्त्यापलीकडच्या राज्याच्या कार्यालयात पहिल्या अपिलाला ५० रुपये, दुसऱ्याला १००.

पहिल्या अर्जांत लोक सरळ विचारायचे: माझा पैसा कुठे गुंतवला आहे? या प्रश्नाला उत्तरच नाही. सगळ्यांचा पैसा एका योजनेत एकत्र होतो आणि तुमच्या नावावर युनिटं पडतात. अमुक रोखा तुमचा, तमुक शेजाऱ्याचा, असं काही नसतं. योजनेत कोणते रोखे आहेत याची यादी फंड कंपन्या आपण होऊन जाहीर करतात. जाहीर होत नाही ते टिपण: हा रोखा कोणाच्या सल्ल्याने घेतला, त्याचं पत मानांकन घसरलं तेव्हा विकला का नाही. ते मागितलं की हिंदी कायद्याच्या प्रतीतले दोन परिच्छेद पुढे येतात. कलम ८(१)(घ), व्यापारी गोपनीयता, आणि ८(१)(ङ), विश्वासाच्या नात्याने मिळालेली माहिती.

दुसरं कारण मला नेहमीच उलटं वाटत आलं आहे. विश्वस्त ज्याचा पैसा सांभाळतो, त्याच्यापासूनच हिशेब विश्वासाच्या नावाखाली लपवायचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेच्या खटल्यात नियामकाची ही सबब नाकारली: बँकांकडून मिळालेली माहिती रिझर्व्ह बँकेने विश्वासाने घेतलेली नाही, कायद्याच्या अधिकाराने घेतली आहे, आणि तिचं कर्तव्य लोकांशी आहे. मात्र त्याच न्यायालयाच्या २०११ च्या सीबीएसई खटल्यातल्या निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. जो कागद दप्तरात आहे तोच मागता येतो. तुमच्यासाठी नवा हिशेब मांडून द्यायला कोणी बांधील नाही.

२०१८ च्या सप्टेंबरात पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी आयएल अँड एफएस कोलमडली तेव्हा हा सगळा कायदा एकदम घरगुती झाला. तोपर्यंत सर्वोच्च मानांकन मिरवणाऱ्या या समूहाचे रोखे पेन्शन फंडांकडेही होते. ज्यांनी स्टेटमेंट कधी उघडलं नव्हतं, ते यादीत एकच नाव शोधू लागले.

पण माझ्या पाहण्यात नोकरांना खरी खोट सापडली ती बाजारात नव्हे, बाजाराच्या अलीकडे. पगारातून रक्कम कापली जाते, मग पगार काढणारा अधिकारी, मग ट्रेझरी, तिथून केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे फाइल, ट्रस्टी बँकेत पैसा, दोन्ही जुळले की फंडाकडे. यातल्या एकाही टप्प्यावर महिना अडकला, तर तेवढे दिवस युनिट नाही आणि वाढही नाही. पुतणीच्या स्टेटमेंटात एक आख्खा मार्चच नव्हता. तिने दिल्लीला लिहिलं नाही. पगार काढणाऱ्या कार्यालयालाच दोन गोष्टी विचारल्या: त्या महिन्याचं वजावटीचं शेड्यूल आणि फाइल चढवल्याची तारीख. उत्तर एका पानाचं आलं. मार्चची कटौती चढली होती ऑगस्टात, आणि तीही एक आकडा चुकलेल्या प्रानवर. काकांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. "म्हणजे पाच महिने हा पैसा कोणाच्या बापाकडे होता?"

असं फक्त आमच्याकडेच झालं नव्हतं. २००४ ते २०१२ या काळात न भरलेल्या किंवा उशिरा भरलेल्या रकमांची भरपाई आपल्या नोकरांना द्यायची, असं केंद्राला २०१८ च्या अखेरीस ठरवावं लागलं. २०२१ च्या नियमांत उशिरासाठी व्याजाची तरतूद आली. लेखापरीक्षकांनीही २०२० च्या अहवालात या योजनेची कसून तपासणी केली.

२०२२ मध्ये राजस्थान आणि छत्तीसगडने जुनी पेन्शन परत आणली, तेव्हा प्रश्नाने आणखी एक वळण घेतलं. आता राज्यच दिल्लीला विचारू लागलं: आमचे पैसे परत द्या. उत्तर आलं, कायद्यात तशी सोय नाही, रक्कम नोकराच्या खात्यातली आहे.

१ एप्रिल २०२५ पासून केंद्राच्या नोकरांसाठी एकीकृत पेन्शनचा पर्याय आहे: २५ वर्षांच्या नोकरीनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. सरकारचा वाटा १८.५ टक्के. त्यातले १० टक्के नोकराच्या खात्यात. उरलेले ८.५ टक्के एका सामाईक निधीत जातात, तो कसा गुंतवायचा हे केंद्र सरकार एकटं ठरवतं, आणि त्या निधीतल्या एकाही रुपयावर कोणाचा प्रान नंबर नसतो.