ब्रांडेनबुर्गचे आस्कानियन : कौल, नांगर आणि एक तोतया

बर्लिनभोवतीची जमीन तशी नावाजण्यासारखी नाही. कुठे रेताड, कुठे दलदल, उरलेलं रान. याच भागात 12व्या-13व्या शतकांत आस्कानियन घराण्याने ब्रांडेनबुर्गचं राज्य उभं केलं. लढाया झाल्याच, पण राज्य वाढलं ते मुख्यतः वारसाहक्क, लग्नं आणि नव्या गावांमुळे.

या घराण्यातल्या, 'अस्वल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्ब्रेश्टला 1134 मध्ये एल्ब नदीकाठचा सीमाप्रांत मिळाला. ब्रांडेनबुर्गचा किल्ला मात्र प्रिबिस्लाव या ख्रिस्ती झालेल्या स्लाव्ह राजाकडे होता. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्याने अल्ब्रेश्टलाच वारस नेमलं. 1150 मध्ये तो गेला तेव्हा राणीने मृत्यूची बातमी दाबून ठेवली आणि अल्ब्रेश्ट पोहोचेपर्यंत तीन दिवस प्रेत तसंच राखलं, असं जुनं इतिवृत्त सांगतं. पुढे याक्सा नावाच्या सरदाराने किल्ला बळकावला. 11 जून 1157 रोजी अल्ब्रेश्टने तो परत घेतला.

किल्ला हाती आला तरी माणसांशिवाय शेतसारा कुठून येणार? फ्लँडर्स, हॉलंड आणि ऱ्हाईनकाठहून शेतकरी बोलावले गेले. दलदलीतलं पाणी चर खणून काढणं हा डच लोकांच्या हातचा मळ. त्यांच्याबरोबर जड नांगरही आला. हलका नांगर जमीन नुसती ओरखडत असे, हा मात्र ढेकूळ उलथून टाकायचा, त्यामुळे चिकण मातीही लागवडीखाली आली.

वस्ती उभारायचं काम 'लोकाटोर' नावाच्या मध्यस्थाकडे असे. तो माणसं जमवायचा, शेतं आखून द्यायचा. बदल्यात त्याला जादा जमीन आणि बहुधा वंशपरंपरागत गावप्रमुखपद मिळे. रयतेला पहिली काही वर्षं साऱ्यात सूट असे. आपल्याकडच्या कौल-इस्ताव्याची (पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला सुरुवातीला कमी सारा लावून तो टप्प्याटप्प्याने वाढवण्याच्या कराराची) ओळख असलेल्याला हा व्यवहार लगेच उमगेल. मात्र ही जमीन ओसाड होती, हे खरं नाही. तिथे स्लाव्ह लोक आधीपासून राहत होते. पुढे त्यांच्यातले अनेकजण किल्ल्यांलगतच्या 'कीत्स' या कोळीवस्त्यांत दिसतात.

खरा विस्तार केला तो याच घराण्यातल्या योहान पहिला आणि ओट्टो तिसरा या भावांनी. बाप 1220 मध्ये वारला तेव्हा दोघं लहान होते. मोठे झाल्यावर त्यांनी एकत्र कारभार केला, ही त्या काळातली दुर्मीळच गोष्ट. 1250 मध्ये शेजारच्या पोमेरेनियाकडून त्यांनी उकरमार्क हा प्रदेश मिळवला. 1253 मध्ये योहानने ओडर नदीवरच्या फ्रांकफुर्टला शहराची सनद दिली. तिथला लोकाटोर होता गोटफ्रीड फॉन हेर्त्सबेर्ग. 1258 मध्ये भावांनी वाटण्या केल्या आणि पुढे वारसदार इतके वाढले की राथेनोजवळच्या टेकडीवर एकदा एकोणीस आस्कानियन राजपुरुष जमले होते, अशी आख्यायिका आहे.

आणि तरीही घराणं बुडालं! 1319 मध्ये राज्यकर्ता वाल्डेमार गेला, 1320 मध्ये शेवटचा अल्पवयीन वारसही. राज्य बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्याकडे गेलं. पुढे 1348 मध्ये एक म्हातारा उगवला : मीच वाल्डेमार, यात्रेहून परतलोय. विटेल्सबाखांशी वैर असलेल्या जर्मन राजा चौथ्या कार्लने त्याला मान्यताही दिली आणि 1350 मध्ये, समेट झाल्यावर, तोतया ठरवलं. शेजारच्या आनहाल्ट प्रदेशातल्या आस्कानियन भाऊबंदांनी मात्र त्याला टाकलं नाही. 1356 मध्ये त्यांच्या डेसाऊ गावी तो राजाच्या इतमामातच मेला.