लिंबूटिंबू संघ आणि कर्णधाराची जागा

मुंबईत मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तीन जिमखाने आजही जवळजवळ उभे आहेत. शहरातले क्रिकेट धर्मवार संघांत खेळले जात होते त्या काळाची ही खूण आहे. लिंबूटिंबू संघाने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला नमवल्याच्या ज्या गोष्टी हिंदी चित्रपट आवडीने सांगतो, त्यांत कोणाला कोणती जागा मिळते हे समजून घ्यायचे असेल, तर पडद्याआधी या मैदानांकडे पाहावे लागते.

पळवणकर बाळू हे चांभार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता ते सरावाच्या जाळीत साहेबांना चेंडू टाकू लागले. त्याच साहेबांना हरवायचे म्हणून हिंदूंच्या क्लबाने त्यांना संघात घेतले; मात्र चहाच्या सुट्टीत इतर खेळाडू आत कपबशीतून चहा पीत असताना बाळूंना तो पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. त्यांच्या हातचा चेंडू बाकीचे दहाजण बिनदिक्कत झेलत. कपाला मात्र त्यांचा हात लागलेला चालत नसे. पुढे मुंबईत ते हिंदू जिमखान्याकडून खेळले, १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले, आणि अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. संघात घेणे आणि संघ हाती देणे यांतले हे अंतर मला या सगळ्या इतिहासाचे मर्म वाटते.

२००१ साली आलेल्या ‘लगान’ची कथा १८९३ मधली, म्हणजे बाळू पुण्यात घडत होते त्याच दशकातली आहे. त्यातला कचरा हा अस्पृश्य फिरकी गोलंदाज आहे आणि त्याचा एक हात अधू आहे. त्याला संघात घ्यायला गाव विरोध करते, तेव्हा नायक शबरीच्या बोरांचा दाखला देऊन सर्वांना गप्प करतो. तो प्रसंग आजही अंगावर काटा आणतो, यात शंका नाही. पण ज्याच्याविषयी एवढा वाद चालला आहे तो कचरा स्वतः जवळपास मुका राहतो, आणि त्याची गुणवत्ता नायकाला दिसली तेव्हाच ती गावाला दिसते.

२००७ च्या ‘चक दे! इंडिया’ने हे चित्र बरेच रुंदावले. मिझोराम आणि मणिपूरच्या मुलींना नोंदणीच्या टेबलाशीच ‘पाहुण्या’ म्हटले जाते आणि त्या तिथल्या तिथे उत्तर देतात, तर मुसलमान प्रशिक्षकाला एका हुकलेल्या पेनल्टीपायी गद्दारीचा शिक्का सोसावा लागतो. झारखंडच्या मुलींच्या वाट्याला मात्र फारसे बोलणे आलेले नाही. शिवाय सात वर्षांनी मेरी कोमवर चित्रपट निघाला तेव्हा मणिपुरी मुष्टियोद्ध्याची भूमिका प्रियांका चोप्रा यांना मिळाली, आणि ईशान्येतून त्यावर रास्त टीका झाली.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर आधारलेला आहे. प्रशिक्षकाच्या भूमिकेत अमिताभ बच्चन आहेत, म्हणजे मोठा तारा इथेही मध्यभागी आहे. परंतु खेळणारी मुले नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेली आहेत, त्यांच्या बोलण्याला नागपुरी वळण आहे, आणि आंबेडकर जयंतीचा जल्लोष त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग म्हणून येतो. एका प्रसंगात ही मुले सरांच्या घरी जमतात आणि एकेक जण आपापली कहाणी सांगू लागतो. सर फक्त ऐकत बसलेले असतात.